असीरगडाची किल्ली



बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर उभा असलेला असीरगड इ. स. १६०१ च्या जानेवारीत अकबराच्या हाती आला, तो मुख्य तट फोडून नव्हे. गडावर रोगराई पसरली, असे अबुल फजल लिहितो. आतल्या अधिकाऱ्यांना लाच पोचली, असे जेझुइट पाद्र्यांचे वृत्तान्त सांगतात. दुसरे खरे मानले, तर दार उघडणारा परका नव्हता. किल्ल्या त्याच्या कमरेला रीतसर होत्या.

संगणकाच्या जाळ्यातील अवघड अपराध याच जातीचा. संकेतशब्द ज्याला अधिकाराने मिळाला, तोच नेमल्या कामापलीकडचे दप्तर उघडतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका पोलीस सार्जंटाने पैशांसाठी वाहननोंदणीची माहिती स्वतःच्याच संकेतशब्दाने काढली. ३ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरविले, की ते दार त्याला मोकळेच होते. केवळ हेतू वाईट म्हणून १९८६ च्या संगणक कायद्याखाली गुन्हा होत नाही.

आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाची परवानगी होती काय, हे विचारते. आणि प्रवेशाहून नक्कल काढणे वेगळे धरते. कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल, तर कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मांडणी अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. ग्रंथपालास कपाटाची किल्ली मिळते ती पुस्तक देण्यासाठी. कोणता सभासद काय वाचतो, हे बाजारात सांगण्यासाठी नव्हे. कोणी कोणते खाते केव्हा उघडले, याची नोंद संगणक ठेवू शकतो. ती नित्य पाहणारा माणूस मात्र कार्यकारी मंडळालाच नेमावा लागतो.