सायकलवाल्याचा रस्ता कुठे आहे?

हे बोलणं कुणी पुण्यात ऐकत असेल, कुणी नागपुरात, कुणी बेळगाव, इंदूर, बडोदा किंवा हैदराबादेत. मी आज दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम या पट्ट्यातल्या सायकलरस्त्यांबद्दल बोलणार आहे. पण ऐकताना तुम्ही आपापलं शहर डोळ्यांसमोर ठेवा. फक्त नावं बदलतील, गोष्ट फारशी बदलणार नाही.

पहिला प्रश्न : दिल्लीत सायकल चालवतं कोण? हा प्रश्न चारचौघांत विचारला की उत्तर येतं, 'अहो, ते पहाटे हेल्मेट घालून इंडिया गेटला जातात ते.' ती मंडळी आहेतच. मीही त्यांच्यातला एक आहे. रविवारी आम्ही गुरुग्रामच्या पलीकडे अरवलीत लेपर्ड ट्रेलला जातो, घाम गाळतो, चहा पितो, फोटो काढतो. पण सायकलवाल्यांचा मोठा वर्ग आमचा नाही. तो बघायचा असेल तर सकाळी आठच्या सुमाराला कापसहेडा सीमेवर उभे राहा. दिल्लीच्या टोकाला असलेल्या त्या वस्तीत हजारो कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पलीकडे हरियाणात, उद्योग विहारमधल्या कपड्यांच्या कारखान्यांत कामाला जातात. कुणी पायी, कुणी सायकलवर. हँडलला डबा अडकवलेला, अंगावर हेल्मेट नाही, मागे दिवा नाही. ओखल्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा नोएडाच्या कारखान्यांच्या बाहेर हेच चित्र दिसेल. ही माणसं फिटनेससाठी सायकल चालवत नाहीत. रोजचं बसभाडं वाचलं तर महिन्याकाठी घरी चार पैसे जास्त पाठवता येतात, म्हणून चालवतात.

२०११ च्या जनगणनेत दिल्लीतल्या दर शंभर घरांपैकी साधारण एकतीस घरांत सायकल होती आणि एकवीस घरांत चारचाकी. म्हणजे देशाच्या राजधानीत सायकलवाली घरं मोटारवाल्या घरांपेक्षा जास्त होती. त्याच जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणारे लोक कामावर कसे जातात हेही नोंदवलं गेलं. देशभरात अडीच कोटींहून जास्त लोक सायकलने जात होते. आता मला सांगा, उड्डाणपूल बांधताना, सिग्नल बसवताना, रस्ता रुंद करताना या अडीच कोटींचा विचार किती वेळा होतो?

विचार झाला नाही की काय होतं, याचं दिल्लीतलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या प्रमुख सुनीता नारायण सकाळी सायकलवरून निघाल्या होत्या. एम्सच्या उड्डाणपुलाजवळ त्यांना भरधाव गाडीने उडवलं. गाडीवाला थांबला नाही. एका अनोळखी माणसाने त्यांना रुग्णालयात नेलं. त्या वाचल्या, आणि बऱ्या झाल्यावर त्यांनी सायकल आणि पादचाऱ्यांच्या हक्काबद्दल जोरात लिहिलं. त्या नामवंत होत्या म्हणून ती बातमी झाली. पण केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, आणि त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. सरासरी काढली तर रोज बारा-तेरा. त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही पहिल्या पानावर आलं नाही.

मग दिल्लीने काहीच केलं नाही का? केलं. आणि काय केलं, ते का टिकलं नाही, हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. कारण मागणी करणाऱ्याला जुना हिशेब माहीत असावा लागतो.

२००६ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. त्याचं सार एका वाक्यात सांगता येतं : रस्ता वाहनांसाठी नाही, माणसांसाठी आहे. पुढे २००८ मध्ये दक्षिण दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे पावणेसहा किलोमीटरचा बीआरटी मार्ग सुरू झाला. त्याच्या आखणीत आयआयटी दिल्लीतल्या तज्ज्ञांचा मोठा वाटा होता. मधोमध बससाठी वेगळी मार्गिका, मग मोटारी, आणि कडेला सायकलींसाठी स्वतंत्र, सलग मार्गिका. त्या मार्गावर सायकलवाल्यांना पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली. पण वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर चर्चा कशाची झाली? मोटारींच्या रांगांची. गाड्या थांबतात, इंधन वाया जातं, मोठ्या लोकांचा वेळ जातो. प्रकरण कोर्टात गेलं. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मार्गाविरुद्धची याचिका फेटाळली. म्हणजे कायद्याच्या पातळीवर बस आणि सायकल जिंकली. तरीही २०१५ मध्ये सरकारने मार्ग काढून टाकायचं ठरवलं आणि २०१६ च्या सुरुवातीला तो उखडायला सुरुवात झाली.

या गोष्टीतून मी एक धडा घेतो. त्या मार्गाचा फायदा ज्यांना होत होता ते बोलत नव्हते. बसमधला माणूस, सायकलवरचा माणूस संपादकाला पत्र लिहीत नव्हता, टीव्हीवर येत नव्हता. त्रास ज्यांना होत होता ते मात्र रोज बोलत होते. मार्गातही उणिवा होत्या, सिग्नलची वेळ लांब होती, हे खरं. पण उणिवा दुरुस्त करा म्हणणारा आवाजच नव्हता, म्हणून अख्खा मार्ग गेला.

दुसरं उदाहरण नोएडाचं. तिथे गेल्या दशकात मोठ्या रस्त्यांच्या कडेला सायकल ट्रॅक झाले. त्याच काळात, २०१६ मध्ये, उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा असा दोनशे किलोमीटरचा सायकल महामार्गही झाला. सायकल हे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचं निवडणूक चिन्ह होतं, त्यामुळे उत्साह उदंड होता. सरकार बदललं, उत्साह ओसरला. आज नोएडात त्या ट्रॅकवरून जाऊन बघा. शंभर मीटर छान, मग उभी केलेली गाडी, मग ज्यूसची गाडी, मग विजेचा डीपी, मग ट्रॅक एकदम संपतो आणि तुम्ही थेट ट्रकच्या समोर.

तिसरं उदाहरण चांगलं आहे. चांदनी चौक. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने तयार झाला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंद केला गेला. नियम मोडणारे आहेत, पोलिसांची नजर ढळली की दुचाक्या घुसतात. पण दिल्लीतल्या सगळ्यात गजबजलेल्या बाजारात माणसं पायी आणि सायकलरिक्षाने जाऊ शकतात, आणि तरी व्यापार चालतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

चौथं, डीडीएचा 'दिल्ली सायकल वॉक'. जानेवारी २०२० मध्ये तुघलकाबादला त्याचं भूमिपूजन झालं. उद्यानं, मोकळ्या जागा आणि हिरवे पट्टे जोडत जाणारं सुमारे दोनशे किलोमीटरचं जाळं, त्यातल्या मार्गांना नीलगाय, मोर, बुलबुल अशी नावं. कल्पना सुरेख आहे. पण मी नेहमी विचारतो : हा मार्ग माझ्या रविवारसाठी आहे की ओखल्याच्या कामगाराच्या सोमवारसाठी? दोन्हींसाठी असेल तर उत्तमच. कामगाराला बागेतून वळसा नको असतो. त्याला घर ते कारखाना सरळ रस्ता हवा असतो, आणि रात्रपाळी सुटल्यावर त्यावर दिवे हवे असतात. शिवाय दिल्लीचा रिज म्हणजे अरवलीचं उरलंसुरलं जंगल. तिथे पायवाट पुरते. सिमेंटचा रस्ता घालून आपण सायकलचं भलं आणि झाडांचं वाटोळं करू नये.

आता कामाचं बोलू. सायकलमार्ग चांगला की वाईट हे ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, तो चौकात कुठे जातो? बहुतेक धोका चौकात असतो, आणि आपले बहुतेक ट्रॅक नेमके चौकाच्या आधी संपतात. पूल बांधला पण नदीच्या मधोमध संपवला, तसं हे आहे.

दुसरा, त्यावर आणखी कोण आहे? मार्गिका रिकामी दिसली की तिथे गाडी उभी राहते. त्यामुळे कडेला उंच कठडा लागतो, आणि तोंडाशी खांब लागतात. पण खांब इतके जवळ नकोत की सामान लादलेली सायकल किंवा तीनचाकी अडकेल. आणि फेरीवाल्याला हुसकावून हा प्रश्न सुटत नाही. त्यालाही आखणीतच जागा द्यावी लागते.

तिसरा, त्याचा मालक कोण? दिल्लीत हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. साठ फुटांहून रुंद रस्ते साधारणपणे पीडब्ल्यूडीचे, गल्लीबोळ महानगरपालिकेचे, ल्युटेन्स भाग एनडीएमसीचा, काही जागा डीडीएच्या, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, छावणीचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. सीमा ओलांडली की राज्यच बदलतं. सायकल चालवणाऱ्याला हे काही माहीत नसतं. त्याला फक्त इतकंच कळतं की रस्ता अचानक तुटला.

म्हणून माझी विनंती अशी आहे की 'शहरात सायकल ट्रॅक हवेत' अशी मोघम मागणी करू नका. एक मार्ग निवडा. दोन-तीन किलोमीटरचा. वस्ती ते शाळा, किंवा वस्ती ते मेट्रो स्टेशन. आणि मग चार कामं करा.

एक : मोजा. वही-पेन घेऊन चौकात दोन तास बसा. सकाळी सात ते नऊ. किती सायकली गेल्या, त्यात बायका किती, शाळकरी मुलं किती, सामान नेणारे किती, हे पाच-पाचच्या रेघा मारून लिहा. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. 'इथे सायकल चालवतंच कोण' या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. आणि कुणीच दिसलं नाही तर तेही लिहा, पण सोबत विचारा : मुलं सायकल का चालवत नाहीत? आईवडील भितात म्हणून. नदी पोहून जाणारे मोजून पुलाची गरज ठरवत नाहीत.

दोन : चालत जा. मार्गाची प्रत्येक अडचण फोटोसकट टिपा. उघडं गटार, तुटलेलं झाकण, बंद दिवा, चुकीच्या दिशेची जाळी. हो, जाळी. पावसाच्या पाण्याच्या झाकणाच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर सायकलचं चाक त्यात अडकतं. ते झाकण फक्त फिरवून बसवायचं असतं. अशी छोटी, स्वस्त कामं आधी मागा. अधिकाऱ्यालाही 'हो' म्हणणं सोपं जातं.

तीन : योग्य दारी जा. रस्ता कुणाचा ते माहिती अधिकारात विचारा. अर्ज हिंदीत लिहा, एका पानाचा. सोबत मोजणीचा तक्ता जोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी द्यायला नव्हे, पण जबाबदारी कागदावर आहे याची आठवण करून द्यायला हे कलम उपयोगी पडतं.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचं : सोबत घ्या. हेल्मेटवाल्यांच्या गटाने डबेवाल्या कामगाराला बैठकीत बोलवलं पाहिजे. त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या वस्तीत बैठक घेतली पाहिजे. आमच्याकडे इंग्रजी आहे, ओळखी आहेत. त्याच्याकडे संख्या आहे आणि खरी गरज आहे. बीआरटीच्या वेळी या दोघांची गाठ पडली नाही.

जगात हे असंच घडलं आहे. नेदरलँड्स काही जन्मतः सायकलींचा देश नव्हता. १९७१ मध्ये तिथे चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' ही चळवळ झाली, पाठोपाठ १९७३ चा तेलाचा तुटवडा आला, आणि मग शहरं बदलू लागली. आपल्याकडे गुरुग्राममध्ये नोव्हेंबर २०१३ पासून 'राहगिरी' सुरू झाली. रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद, माणसांना खुले. कोलंबियातल्या बोगोटा शहरावरून घेतलेली कल्पना. ती पुढे दिल्लीत कॅनॉट प्लेसला आणि कितीतरी शहरांत गेली. आणि सायकलने काय होतं हे बघायचं तर बिहार बघा. २००६ पासून तिथे शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आणि माध्यमिक शाळेतली मुलींची पटसंख्या लक्षणीय वाढली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. सायकल दिली, आता तिला सुरक्षित रस्ता देणं हे पुढचं पाऊल.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, दिल्लीची हवा आणि ऊन. खरं आहे. नोव्हेंबरच्या धुरक्यात मीही सायकल काढत नाही. पण ज्याला दुसरा पर्याय नाही तो काढतोच. त्याच्यासाठी सावलीची झाडं लावा, आणि त्याने न केलेल्या धुराची शिक्षा त्याला देऊ नका. दुसरा आक्षेप, जागा नाही. दिल्लीतल्या कितीतरी रुंद रस्त्यांवर डावीकडची पट्टी उभ्या गाड्यांनी व्यापलेली असते. दोन सायकली शेजारून जायला दोन-अडीच मीटर लागतात. जागा आहे, फक्त ती फुकटच्या पार्किंगला दिलेली आहे.

पुणेकरांनो, तुमच्या महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आहे. त्यातला तुमच्या भागातला मार्ग कोणता, हे काढा. नागपूर आणि पिंपरी-चिंचवडकरांनो, केंद्राच्या सायकल स्पर्धेत तुमची शहरं २०२१ मध्ये विजेत्यांत होती. तेव्हा आखलेले पट्टे आज कसे आहेत, एकदा जाऊन बघा. दिल्लीकर मराठी मंडळींनो, पहाडगंजपासून नोएडापर्यंत आपण विखुरलेलो आहोत. गणपतीला आपण पंधरा दिवस आधीपासून जमतो. तशाच चार-चार जणांच्या तुकड्या करून एका शनिवारी आपापल्या चौकात मोजणीला बसू या.

येत्या आठवड्यात एवढंच करा. एक चौक, दोन तास, एक वही. आकडे हातात आले की पुढचा अर्ज आपोआप लिहून होईल.