'शिनी' या नावाची गोष्ट

मंडळी, कॅनडात हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी घट्ट झाली, की पोरेसोरे पायांत बर्फावर घसरण्याचे बूट चढवतात, वाकड्या टोकाच्या काठ्या घेतात आणि खेळू लागतात. पंच नाही, गणवेश नाही, गडी किती याचा हिशेब नाही. गोल कुठे, तर काढून ठेवलेले दोन जोडे आहेत तिथे! संघ पाडायचे तर सगळ्यांच्या काठ्यांचा ढीग करायचा आणि एकेक काठी डावी-उजवीकडे टाकायची. ज्याची काठी जिकडे, तो त्या बाजूचा. अंगावर जाड कवचे नसतात, म्हणून चकती उंच उडवायची नाही आणि धडक मारायची नाही, एवढे मात्र सगळे पाळतात. या घरगुती हॉकीला तिकडे 'शिनी' म्हणतात.

आता हे नाव आले कुठून? इंग्रजीत नडगीला 'शिन' म्हणतात. काठी बसते नडगीवर, म्हणून शिनी! मीही एकदा वर्गात असेच ठोकून दिले. मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग हुतूतूतलं 'हुतू' हे कुठलं हाड?" वर्ग हसला. मी घरी जाऊन कोश उघडला.

शिनी हे स्कॉटलंडातल्या 'शिंटी'चे भावंड निघाले. वाकड्या काठीने चेंडू टोलवण्याचा हा तिथल्या डोंगराळ मुलखातला जुना खेळ. त्याची मध्यवर्ती संस्था १८९३ साली निघाली. खेळताना गडी 'शिन यी', 'शिन यू' अशा आरोळ्या देत. त्यांवरूनच नाव पडले असावे, असा कोशकारांचा कौल. म्हणजे पोराचा टोला बरोबर बसला होता! आपल्या गड्याने दम धरून जे म्हणायचे, तेच आपल्याही खेळाचे नाव झाले.

स्कॉटिश लोक कॅनडात गेले आणि शब्द त्यांच्यासोबत गेला. तो पुढे इतका पसरला, की उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा काठी-चेंडूचा खेळ, जो बहुतेक ठिकाणी बायका खेळत, त्यालाही गोऱ्यांनी 'शिनी'च म्हटले. त्या खेळाला त्यांची स्वतःची नावे होती; ती पुस्तकांत मागे पडली. मला याचे वाईट वाटते. गुरुजी, तुमच्या गावची पोरे खेळताना काय काय ओरडतात, ते वहीत उतरवून ठेवाल का?

मी पुढच्या तासाला नडगीची व्युत्पत्ती मागे घेतली. प्रश्न विचारणारा मुलगा नेमका त्या दिवशी गैरहजर होता.