स्वागताध्यक्षीय मनोगत : मिरजनगरीत आपलं स्वागत



मुरमांच्या खड्ड्यांवरच्या लेझर उपचारांची परिषद आणि स्वागताध्यक्ष तंतुवाद्यांचा व्यापारी! संयोजक म्हणाले, 'तुम्ही मिरजकर आहात, तेवढं पुरे.' मग मिरजेबद्दल बोलणं आलंच.

डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलमुळे मिरज वैद्यकनगरी झाली, हे तुम्ही जाणताच. ती गाण्याचीही नगरी: थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथल्याच मिरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेत. पण माझं दैवत फरीदसाहेब सतारमेकर. मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या. भोपळा पंढरपूरकडचा, हात मिरजेचा! 2024 मध्ये आमच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. फरीदसाहेबांचं नाव मात्र गावातल्या किती पोरांना ठाऊक आहे?

आमच्याकडे घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढतात. एक हात जास्त फिरला की नाद गेलाच. तुम्हा डॉक्टरांच्या कामातही तसंच असावं. डॉक्टरांनी मला समजावलं, की फ्रॅक्शनल लेझर सगळी कातडी सोलत नाही. तो बारीक छिद्रांच्या रांगा पाडतो, मधली त्वचा शाबूत ठेवतो. तिच्या आधाराने जखम भरते आणि पुढे काही महिने नवं कोलॅजन तयार होत राहतं. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ऊर्जा जरा जास्त झाली, की खड्डा राहतो बाजूला आणि काळा डाग पदरी पडतो. थोडक्यात, यंत्र कुठलंही असो, हात राखून चालवावं.

आता व्यवस्थेचं. एसी दुपारी दमतो. जनरेटर आहे, पण लेझरची यंत्रं आणि चहाची किटली एकाच वेळी लावू नये, ही हात जोडून विनंती. खोल्या कमी पडल्याने काहींची सोय सांगलीत करावी लागली. मिरजकराला हे सांगताना काय वाटतं, ते विचारू नका. डास, पार्किंग, माईकची शिट्टी, सगळ्याबद्दल आगाऊ क्षमस्व.

विनामोबदला कार्यालय देणारे मालक, मंडपवाले, पाण्याचे जार पुरवणारे, नरसोबाच्या वाडीच्या बासुंदीचा खर्च उचलणारे व्यापारी बंधू, रात्रभर खुर्च्या मांडणारी मुलं, सर्वांचे आभार. कुणाचं नाव फलकावरून राहिलं असेल, तर त्यांनी माझ्याशी भांडावं, संयोजकांशी नको.

आवरा म्हणून चिठ्ठी आली आहे. जेवण एक वाजता. संध्याकाळी ज्यांना सवड असेल त्यांना सतारमेकर गल्लीत मी स्वतः घेऊन जाईन. पुन्हा एकदा स्वागत. जय हिंद, जय महाराष्ट्र!