परदेशी मालाची ऑनलाइन घाऊक बाजारपेठ निवडताना



१९९९ साली चीनमधील हांगचौ येथे अलीबाबाची स्थापना झाली. अशा ऑनलाइन बाजारपेठांमुळे परदेशी कारखानदार तालुक्याच्या व्यापाऱ्यालाही घरबसल्या गाठता येऊ लागला. परंतु बाजारपेठ ही दलाल आहे, जामीन नव्हे. म्हणून केवळ स्वस्त दराला न भुलता, माल तपासून होईपर्यंत रक्कम राखून ठेवणारी बाजारपेठच निवडावी. विक्रेत्याच्या खात्यात परस्पर पैसे भरल्यास हे संरक्षण उरत नाही.

प्रथम नमुना मागवावा. आयात-निर्यात संकेतांक आधीच घ्यावा. वाहतूक, विमा व सीमाशुल्क धरूनच भाव ठरवावा. मालाला लागू असलेले नियमही पाहावेत. उदाहरणार्थ, मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. ते नसेल तर माल बंदरातच अडकतो, आणि त्याबरोबर कष्टाने साठविलेले भांडवलही.