'म्हणून' ह्या शब्दावर बोट

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



प्रवेशपरीक्षेतील तर्काचे प्रश्न हा विषय एखाद्या प्राध्यापिकाबाईंनी घ्यावा, सातवी शिकलेल्या गृहिणीने कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्यात रागावण्यासारखे काही नाही. मात्र आज ज्या चुकांविषयी बोलायचे आहे, त्यांतली पहिली चूक ह्या विचारातच आहे. बोलणारी कोण हे पाहून बोलणे खरे की खोटे ठरत नाही. दारुड्याने दारू वाईट म्हटले म्हणून दारू चांगली ठरत नाही. तेव्हा मी काय सांगते तेवढे तपासावे.

माझी धाकटी मुलगी कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. 'क्लॅट' असे त्या परीक्षेचे नाव. ही २००८ साली सुरू झाली. आपल्या मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर जायचे तर हीच परीक्षा द्यावी लागते. दोन तासांत १२० प्रश्न. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. २०२० पासून प्रश्न सुटे न येता परिच्छेदावर येतात, आणि सुमारे पाचवा हिस्सा तर्काचा असतो. लिहिणाऱ्याने काही विधान केलेले असते, आणि विचारतात की ह्याच्या बोलण्यात खोट कुठे आहे?

परीक्षा इंग्रजीत. मुलगी मराठी शाळेत शिकलेली. पहिल्या पहिल्यांदा तिला परिच्छेद समजे, पण खोट सापडत नसे. मग दुपारी मी भाजी निवडताना तिने तो परिच्छेद मला मराठीत सांगायचा असे ठरले. लिहिणारा काय म्हणतो, आणि कशावरून म्हणतो, एवढेच सांग, असे मी म्हणे. गंमत अशी की सांगता सांगताच ती मध्येच थांबे आणि म्हणे, "आई, हे जुळत नाही!" भारदस्त इंग्रजीत जे पटण्यासारखे वाटे, ते घरच्या भाषेत आले की त्याचे ठिगळ दिसू लागे.

ते ठिगळ बहुधा एकाच शब्दापाशी असते. तो शब्द 'म्हणून'. त्याच्या अलीकडे कारण असते, पलीकडे निष्कर्ष. परीक्षेत अलीकडचे खरे धरूनच चालायचे असते. पलीकडचे आपल्याला आवडते की नाही, हेही पाहायचे नसते. अलीकडून पलीकडे जाणारा पूल माणसाचे वजन पेलतो का, एवढेच पाहायचे.

एक नमुना सांगते. हा परीक्षेतला नव्हे, आम्ही घरी रचलेला आहे. 'एका शहरात वाचनालये वाढली, त्यानंतर चोऱ्या कमी झाल्या, म्हणून चोऱ्या थांबवायच्या तर वाचनालये काढावीत.' खाली चार उत्तरे. पहिले, चोर पुस्तके वाचत नाहीत. दुसरे, वाचनालयांना खर्च फार येतो. तिसरे, त्याच काळात रस्त्यावर दिवे लागले किंवा पोलिसांची गस्त वाढली असेल, हे पाहिलेले नाही. चौथे, चोऱ्यांचा आकडा खोटा असेल. आपल्यापैकी पुष्कळजणी पहिल्याकडे वळतील, कारण ते ऐकायला खमंग आहे. दुसरे खरेही असेल, पण खर्चाचा इथे संबंध काय? चौथे तर दिलेल्या माहितीवरच शंका घेते, आणि ती आपण खरी धरलेली आहे. पुलाला तडा दाखवते ते तिसरेच. आपण मराठीत ह्याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ असे म्हणतो. आजीच्या तोंडची म्हण कायद्याच्या परीक्षेत उपयोगी पडते, हे मुलीला फार आवडले.

दुसरा प्रकार उलट्या उडीचा. कीर्तनकारबुवांच्या तोंडून आपण ऐकले असेल की डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे. हे ठीक. पण विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे ठीक नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर कुठे असतो? आणि आपल्या गॅसच्या शेगडीला तरी कुठे असतो? परीक्षेत हेच वेष बदलून येते. 'प्रत्येक वकील कायद्याचा पदवीधर असतो. शेजारच्या ताई कायद्याच्या पदवीधर आहेत. म्हणून त्या वकील आहेत.' पदवी हवी हे खरे, पण ती घेतल्यावर बार कौन्सिलकडे नावही नोंदवावे लागते. ताईंनी ते केले नसेल. आपल्या न्यायशास्त्रात असल्या फसव्या कारणांना हेत्वाभास म्हणतात. कारण नव्हे, कारणाचा नुसता भास. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. तेव्हा ही विद्या परदेशातून आलेली आहे असे कुणी समजू नये.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मात्र जपून वापरावी. ती खरी ठरते, कारण सगळा तांदूळ एका पोत्यातला, एका आधणात, एका आचेवर शिजलेला असतो. पंगतीसाठी चार चुलींवर चार पातेली चढवली असतील, तर एकातले शीत दुसऱ्याची साक्ष देत नाही.

शिकवणीवर्गांची पत्रके हल्ली दाराशी येऊन पडतात. 'आमचे पंचवीस विद्यार्थी लागले' असे मोठ्या अक्षरात असते. खरेही असेल. पण वर्गात बसले होते किती? तीस की तीनशे? आणि लागलेली मुले मुळातच हुशार होती की काय? फीचे पैसे मोजण्यापूर्वी आपण एवढे विचारावे. भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपण ह्याहून अधिक प्रश्न विचारतो!

पाव गुणाचाही हिशेब सांगते, कारण मुली उगाच भितात. चारांपैकी दोन उत्तरे नक्की चूक म्हणून बाजूला काढता आली, तर उरलेल्या दोनांतून एक निवडावे. असे चार प्रश्न धरले तर साधारण दोन बरोबर येतील, दोन चुकतील. दोन गुण मिळाले, अर्धा गेला, दीड हाती राहिला. कोरे सोडले तर शून्य.

आता थोडे घरातले. माझ्या थोरल्या दिरांना मुलीने बाहेरगावी शिकायला जाणे पसंत नाही. गणपतीत सगळे जमले असता ते म्हणाले, "नात्यातली एक मुलगी वसतिगृहात राहिली आणि तिचे शिक्षण अर्धवट सुटले. म्हणून सांगतो, एक तर इथल्याच महाविद्यालयात घाला, नाही तर लग्नाचे पाहा." मुलगी पाणी द्यायला आली होती. ती नम्रपणे म्हणाली, "मोठे काका, एका मुलीवरून सगळ्या मुली कशा ठरतील? आणि दोनच वाटा आहेत हे कुणी ठरवले?" खोलीत अगदी शांतता पसरली. हे मिशीत हसले, ते मी पाहिले.

पण रात्री मी तिला एक गोष्ट सांगितली. काकांचे कारण कच्चे निघाले, म्हणून तुझे म्हणणे पक्के झाले असे नव्हे. वसतिगृह चांगलेच असेल, हे त्यांच्या चुकीतून सिद्ध होत नाही. त्यांची काळजी खरी असू शकते, फक्त त्यांनी दिलेले कारण तिला पुरे पडले नाही. परीक्षेतही हा सापळा असतो. युक्तिवाद मोडला की मुले उलट निष्कर्षावर खूण करून मोकळी होतात.

तेव्हा मुलीने कागद घेतला आणि प्रश्न लिहून काढले. वर्षाची फी किती, शिष्यवृत्ती कोणती मिळते, वसतिगृहाच्या बाई रात्री तिथे राहतात का, आजारी पडल्यास जवळ दवाखाना कोणता, आधीच्या किती मुलींनी शिक्षण पुरे केले. तो कागद तिने काकांच्याच हाती दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, आणि खाली आपल्या अक्षरात आणखी दोन प्रश्न घातले. पुढच्या पंधरवड्यात ते कामासाठी नागपूरला जाणार आहेत. कागद त्यांच्या खिशात आहे.