शेणातला जाळ आणि शेतातला कस



आज आपण जळणाविषयी बोलणार आहोत. चुलीत काय घालायचं आणि शेतात काय घालायचं, हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी रोज होतो. फक्त तो कुणी वहीत मांडत नाही. शेण एकच, पण त्याला मागणी दोन ठिकाणी. गोवरी थापली तर खत जातं, आणि उकिरड्यात टाकलं तर चुलीला लाकूड शोधावं लागतं. या ओढाताणीतून आपल्या देशानं कसकशी वाट काढली आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते पाहू.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 साली मैलापाण्यापासून निघणारा गॅस साठवून वापरला गेला. पुढं 1939 च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग झाले. जशभाई पटेल यांनी 1951 च्या सुमारास तरंगत्या टाकीचं संयंत्र तयार केलं. ते खादी ग्रामोद्योग आयोगानं 1960 नंतर खेडोपाडी नेलं. आपल्याकडे देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेलं गॅस संयंत्र चालवून दाखवलं.

खरी जाग आली ती 1973 साली. अरब देशांनी तेल अडवलं, भाव चौपट झाले आणि रॉकेलचा डबा जड झाला. मग 1981-82 पासून सरकारनं गोबर गॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लोखंडी टाकी महाग पडते आणि गंजते, म्हणून 1978 मध्ये विटांच्या घुमटाचं जनता संयंत्र आलं. त्याहून स्वस्त असं दीनबंधू संयंत्र 1984 मध्ये आलं. आजवर देशात 50 लाखांच्या आसपास घरगुती संयंत्रं बांधली गेली.

पण मंडळी, बांधली किती आणि चालू किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. गावोगाव हिंडताना गवत उगवलेले घुमट दिसतात. कारण विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: जनावरं गेली. ट्रॅक्टर आला, बैल विकले, चार म्हशींची एक झाली, आणि खड्डा उपाशी राहिला. शिवाय 2016 पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघर आले. तरीही 2019-21 च्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातली निम्म्याहून अधिक घरं स्वयंपाकाला मुख्यतः लाकूड, गोवऱ्या, काटक्याच वापरत होती. सिलिंडर कोपऱ्यात असतो, पण तो भरून आणायला रोख पैसा लागतो.

आता उसाकडे वळू. शंभर किलो ऊस गाळला की तीसेक किलो ओली चिपाडं उरतात. ती जाळून कारखाने स्वतःची वाफ करतातच, आणि पुष्कळ कारखाने वीजही विकतात. मळीपासून मद्यार्क, म्हणजे इथेनॉल निघतं. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रयोग 2001 साली झाले, त्यात आपले मिरज आणि मनमाड होते. 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिसळायचं ठरलं, पण काम रखडत गेलं. 2013-14 मध्ये प्रमाण जेमतेम दीड टक्का होतं. मग भाव ठरवून मिळू लागला, तसा वेग आला. 2022 मध्ये दहा टक्के झाले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांपर्यंत मजल गेली.

यात ऊसकऱ्याचं हित आहे, पण दुसरी बाजूही पाहा. 2023 मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल असं दिसलं, आणि डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेली यंत्रं अडली. पुढच्या हंगामात बंधन उठलं, पण तोवर मक्याचं इथेनॉल पुढं निघून गेलं होतं. शिवाय उसापासून एक लीटर इथेनॉल मिळायला सुमारे 2860 लीटर पाणी लागतं, असं सरकारच्याच 2021 च्या अहवालात म्हटलं आहे. इथेनॉलच्या भावाकडे पाहून विहिरीच्या भरवशावर उसाचं क्षेत्र वाढवताना हा आकडा डोळ्यांपुढं ठेवा.

तिसरी गोष्ट मोगली एरंडाची. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं याच्या बियांपासून डिझेल करण्याची मोठी योजना मांडली. पडीक जमिनीत, बिनपाण्याचं पीक येईल असं सांगितलं गेलं. झाड जगलं, हे खरं. पण पडीक जमिनीत बी पुरेसं धरलं नाही, आणि जिथं धरलं तिथं घेणारा जवळ नव्हता. ज्यांनी आशेनं लावलं त्यांनी मागून उपटलं. म्हणून नवं पीक कुणी सुचवलं, की माल कोण घेणार, कुठं घेणार आणि भाव काय, हे आधी विचारा.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. टाकाऊतून ऊर्जा काढणं चांगलं, पण जमिनीचा वाटा जमिनीला परत मिळाला पाहिजे. आता पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट विकत घेणारे व्यापारी येतात; त्यांच्या कांड्या करून कारखान्यांच्या भट्टीत जाळतात. पऱ्हाटी आपण बांधावर जाळतोच, ती विकायला हरकत नाही. पण पाचटाचा विचार करून हात सोडा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. खोडव्यात ते सरीत ठेवलं तर ओल टिकते, तण कमी येतं आणि कुजून खत होतं.

गोबर गॅसमध्ये हा वाटा आपोआप परत मिळतो, हेच त्याचं मोठेपण. गोवरी जाळली की नत्र धुरात जातं. संयंत्रात मात्र गॅस चुलीला जातो आणि नत्र, स्फुरद, पालाश रबडीत राहतात.

मग संयंत्र कुणी बांधावं? ज्याच्या गोठ्यात चार-पाच मोठी जनावरं कायम आहेत आणि पाणी जवळ आहे, त्यानं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं. त्यातून पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. महिन्याचा हिशेब धरला तर पावणेदोन सिलिंडरच्या बरोबरीचा गॅस मिळतो. थंडीत थोडा कमी. ज्याच्याकडे एक-दोनच जनावरं आहेत, त्यानं केवळ अनुदान मिळतं म्हणून खड्डा खणू नये. त्यानं शेणाचं चांगलं कंपोस्ट करावं.

ज्यांच्याकडे संयंत्र आहे त्यांनी एवढं सांभाळावं:

जितकं शेण तितकंच पाणी घेऊन, काडीकचरा काढून, रोज कालवून घालावं. एक दिवस भरपूर आणि चार दिवस उपास, असं करू नये.

साबणाचं आणि फिनेलचं पाणी आत जाऊ देऊ नये. त्यानं गॅस करणारे जिवाणू मरतात.

निळी ज्योत फडफडली तर नळीत पाणी साचलं असं समजावं आणि ते काढून टाकावं. गळती पाहायला साबणाचा फेस लावावा. काडी पेटवून कधीही पाहू नये.

रबडी उन्हात उघडी वाळवू नये, नत्र उडून जातं. खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरावर सोडून कुजवावी, किंवा पाटाच्या पाण्याबरोबर द्यावी.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. संयंत्र बंद असलं, रिकामं दिसलं, तरी कुणीही आत उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असतो. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघंही जातात. साफसफाई जाणकाराकडूनच करून घ्या, आणि मुलांना तोंडाजवळ फिरकू देऊ नका.

बांधायचं ठरवलंत तर पंचायत समितीच्या कृषी विभागात आकार, जागा आणि अनुदान यांची चौकशी करा. पण त्याआधी आठ दिवस गोठ्यातलं शेण मोजा. घमेलं आणि काटा घ्या, रोजचा आकडा भिंतीवर लिहा. संयंत्र किती मोठं बांधायचं, की बांधायचंच नाही, हे तो आकडाच तुम्हाला सांगेल.