किशोरवयात निखळणारी गुडघ्याची वाटी



शाळेच्या मैदानावरून घरी निरोप येतो, ‘गुडघा निखळला.’ हे दोन शब्द मराठीत दोन अगदी निरनिराळ्या दुखापतींसाठी वापरले जातात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांचा सांधाच सुटणे ही फार क्वचित होणारी, पण भीषण इजा होय. तीत गुडघ्यामागील रक्तवाहिनी फाटून पाय गमावण्याचा धोका असतो. दुसरी इजा म्हणजे गुडघ्यावरची वाटी आपल्या जागेवरून बाहेरच्या अंगाला सरकणे. ती जिवावर बेतत नाही, आणि याच कारणाने तिच्याकडे दुर्लक्ष होते. दहा ते सतरा या वयात ही इजा सर्वाधिक आढळते. सन १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका पाहणीत सोळा वर्षांखालील एक लाख मुलांमागे वर्षाकाठी सुमारे ४३ जणांची वाटी निखळल्याचे दिसून आले. हे प्रमाण मोठे नाही; परंतु ज्या घरात ही घटना घडते तेथे तिची छाया पुढील कित्येक वर्षे राहू शकते.

कंडरेच्या आत वाढणाऱ्या लहान हाडांना वैद्यकशास्त्राने तिळावरून नाव दिले आहे. त्या कुळातील सर्वांत मोठे हाड म्हणजे ही वाटी. मांडीच्या पुढील बलवान स्नायूची ओढ नडगीपर्यंत पोहोचविणे हे तिचे कार्य. गुडघा वाकला की ती मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खोबणीतून खालीवर सरकते. मात्र गुडघा सरळ असताना ती खोबणीच्या वरच असते आणि सुमारे २० ते ३० अंश वाकल्यानंतरच खोबणीत नीट बसते. तोवरच्या टप्प्यात तिला सावरून धरणारा मुख्य आधार म्हणजे आतल्या बाजूचा एक पातळ अस्थिबंध. मांडीचे हाड कमरेकडून गुडघ्याकडे आत झुकलेले असल्याने स्नायूची ओढ स्वभावतःच किंचित बाहेरच्या दिशेस असते. म्हणूनच वाटी निखळते ती जवळजवळ नेहमी बाहेरच्या अंगास, आणि निखळताना आतला तो अस्थिबंध बहुतेक वेळा फाटतो.

यासाठी कोणाचा धक्का लागावा लागतो असेही नाही. खो-खोत हुलकावणी देऊन वळणारा मुलगा किंवा गरब्यात गिरकी घेणारी मुलगी, पाऊल जमिनीवर रोवलेले आणि मांडी आत वळलेली, एवढे पुरेसे असते. वाटी बाहेर अडकून राहिली तर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो व बाजूला आलेला उंचवटा डोळ्यांना दिसतो. अशा वेळी पाय ओढू नये. ज्या स्थितीत तो आहे त्याच स्थितीत उशी किंवा घडी घातलेल्या चादरीचा आधार देऊन मुलाला रुग्णालयात न्यावे. जाणकार वैद्य रुग्णाला धीर देत, कंबर वाकलेली ठेवून, गुडघा हळूहळू सरळ करतो आणि वाटीवर बाहेरून आत हलका दाब देतो. बहुधा तेवढ्यानेच ती जागी येते.

अडचण निराळीच आहे. पुष्कळदा पाय सरळ होताच वाटी आपोआप जागेवर जाते. वैद्याकडे पोहोचेपर्यंत दिसते ती केवळ सूज. मग ‘लचक भरली’ असे निदान होते, चोळणे सुरू होते आणि प्रकरण मिटले असे समजले जाते. वास्तविक काही तासांतच टम्म फुगलेल्या किशोरवयीन गुडघ्यात बहुधा रक्त साचलेले असते, आणि त्यामागे वाटी निखळून परत बसलेली असण्याची शक्यता प्रथम तपासली पाहिजे. तज्ज्ञाने वाटी हलकेच बाहेर लोटताच मूल दचकून पाय आवळते. ही दचक निदानास मोठी साहाय्यक ठरते.

वाटी परत आत येताना तिची कड खोबणीच्या बाहेरील काठावर घासते. त्या घर्षणात कूर्चेचा, कधी हाडासह, तुकडा उडू शकतो. साध्या क्ष-किरण चित्रात असे पुष्कळ तुकडे दिसत नाहीत, कारण कूर्चा त्यात उमटत नाही. सुईने काढलेल्या रक्तावर चरबीचे थेंब तरंगत असतील तर हाड दुखावल्याची ती खूण होय. संशय असल्यास एमआरआय तपासणी टाळू नये. सांध्यात मोठा तुकडा सुटा असेल तर पहिल्याच प्रसंगी शस्त्रक्रिया करणे योग्य ठरते, कारण काही आठवड्यांतच तो परत बसविण्याजोगा राहत नाही. खर्चाच्या विचाराने पालक एमआरआय पुढे ढकलतात हे समजण्यासारखे आहे. तथापि काटकसर अन्यत्र करावी.

तुकडा नसेल तर काय करावे? फाटलेला अस्थिबंध लगेच शिवून टाकला म्हणजे पुढचा त्रास वाचेल असे वरकरणी कोणालाही वाटेल. फिनलंडमध्येच या प्रश्नाचा शोध धीराने घेण्यात आला. सोळा वर्षांखालील मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एकास शस्त्रक्रिया व दुसऱ्यास शस्त्रक्रियेविना उपचार देण्यात आले, आणि सरासरी चौदा वर्षांनंतर त्यांची पुन्हा तपासणी झाली. सन २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया न केलेल्या २८ गुडघ्यांपैकी ७१ टक्क्यांत वाटी पुन्हा निखळली होती. शस्त्रक्रिया केलेल्या ३६ पैकी ६७ टक्क्यांत. म्हणजे शस्त्रक्रियेने जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. हे आकडे ऐकून धसका बसणे साहजिक आहे, परंतु त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी तीन चतुर्थांश गुडघ्यांची स्थिती त्यांच्या धन्यांच्या मते चांगली किंवा उत्तम होती. वाटी पुन्हा एकदा सरकणे आणि आयुष्यभराचे अपंगत्व येणे यांत फार अंतर आहे. अर्थात त्या काळची शस्त्रक्रिया म्हणजे मुख्यतः फाटलेले शिवणे होती. आजची पद्धत वेगळी आहे, तिचा विचार पुढे येतो.

म्हणून पहिल्या प्रसंगी, तुकडा नसल्यास, बहुतांश तज्ज्ञ शस्त्रक्रियेविना उपचारच पसंत करतात. येथे एक जुनी सवय मात्र सोडली पाहिजे. सहा आठवडे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घालून मुलास घरी बसविले की अस्थिबंध भरत असेल, पण मांडीचा स्नायू डोळ्यांदेखत वाळतो आणि गुडघा आखडतो. वाटीला सांभाळणारा गडीच दुबळा झाला तर पुढे काय होणार? दोन-तीन आठवडे पट्ट्यांचा आधार आणि सुरुवातीपासूनच मांडी आवळण्याचे साधे व्यायाम, नंतर हळूहळू वाकविणे, कमरेच्या बाजूच्या स्नायूंना बळ देणे, शेवटी एका पायावर तोल सांभाळणे आणि उडी मारून नीट उतरण्याचा सराव, असा तीन-चार महिन्यांचा क्रम असतो. सूज उतरली व वेदना थांबल्या की मुले हा व्यायाम सोडून देतात आणि पालकही ‘आता बरे आहे’ म्हणून शिकवणी वर्गाची वेळ त्या जागी घालतात. उपचार येथेच फसतो. औषधाने नव्हे, तर या कंटाळवाण्या आठवड्यांनी गुडघा सावरतो. उकिडवे बसणे आणि मांडी घालून दीर्घकाळ बसणे या गोष्टी तज्ज्ञाच्या सल्ल्याने मागाहून सुरू कराव्यात. तोवर खुर्चीचा वापर करण्यात संकोच नसावा.

दुसऱ्यांदा वाटी निखळली की चित्र बदलते. सन २००४ मधील अमेरिकेतील एका पाहणीत, सर्व वयांचे रुग्ण धरून, प्रथमच निखळलेल्यांपैकी १७ टक्क्यांना दोन ते पाच वर्षांत पुन्हा तो अनुभव आला. ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांच्यात हे प्रमाण ४९ टक्के होते. आता ‘का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. फ्रान्समधील लियाँ येथील आंरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन १९९४ मध्ये याची कारणे नेमकी मोजून मांडली: खोबण उथळ असणे, वाटी प्रमाणाबाहेर उंच असणे, ती तिरकी झुकलेली असणे आणि नडगीवरील तिच्या बंधाचा उंचवटा खोबणीपासून फार बाहेर, २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर असणे. यांच्या जोडीला आत झुकलेले गुडघे, सांध्यांची जन्मजात सैलता आणि कुटुंबातील पूर्वेतिहास. आई, मावशी किंवा काकांना असा त्रास झाला असेल तर ते वैद्यास अवश्य सांगावे. पुष्कळ घरांत ही माहिती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

प्रौढाच्या बाबतीत यांतील बहुतेक दोषांवर शस्त्रक्रिया करता येते. किशोरवयात मध्ये वाढ उभी असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर उंची घालते. तिला छिद्र पडले तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी मांडीमागील कंडरेचा तुकडा बसवून नवा बंध घडविणे ही आजची प्रचलित शस्त्रक्रिया. पण त्या बंधाचे मांडीच्या हाडावरील मूळ याच पट्टीला अगदी लागून असते. त्यामुळे शस्त्रक्रियागृहात क्ष-किरणांच्या साहाय्याने पट्टीच्या खाली, अत्यंत मोजून, छिद्र घ्यावे लागते. नडगीवरचा उंचवटा हाडासह सरकविणे किंवा खोबण खोल करणे या गोष्टी वाढ संपेपर्यंत करू नयेत, असाच सर्वसाधारण दंडक आहे.

परंतु वाढ ही अडचण तशीच संधीही आहे. गुडघे आत झुकलेले असतील तर वाढीच्या पट्टीच्या आतल्या बाजूस एक लहान धातूची पट्टी दोन स्क्रूंनी बसवितात. आतली वाढ तात्पुरती मंदावते, बाहेरची चालू राहते आणि महिन्यामहिन्याने पाय आपोआप सरळ होत जातो. मग ती पट्टी काढून टाकतात. मोठेपणी याच दोषासाठी हाड कापावे लागते. मुलींची वाढ साधारण चौदाव्या व मुलांची सोळाव्या वर्षाच्या सुमारास थांबते, म्हणून ही संधी मर्यादित काळाची आहे. बाराव्या वर्षी दुसऱ्यांदा वाटी निखळलेल्या मुलीस ‘वयात आल्यावर पाहू’ असे सांगून परत पाठविणे म्हणूनच योग्य नव्हे.

नव्या बंधाच्या शस्त्रक्रियेनंतरही मैदानावर परतण्यास बहुधा सहा महिने किंवा अधिक काळ लागतो. तेव्हा तारखेपेक्षा दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाली आहे काय, एका पायावरची उडी विनासायास जमते काय, हे पाहावे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना लेखी कल्पना द्यावी. कारण आंतरशालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी ‘एकच सामना खेळ’ असा आग्रह होतो, आणि त्या वयातील मूल त्याला नकार देत नाही.